मूर्ती आणि तिचे छायाचित्र

मागच्या वर्षी वर्षावासातल्या एका रविवारी बालवर्गातल्या सहावीच्या मुलीने मला एक प्रश्न विचारला. आपल्या सभागृहाच्या दर्शनी भिंतीवर सारनाथच्या बुद्धमूर्तीचे मोठे छायाचित्र आहे. धम्मचक्रप्रवर्तन मुद्रेतली, दृष्टी खाली वळवलेली, मागे नक्षीदार प्रभावळ असलेली ती मूर्ती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. तिच्याकडे बोट दाखवून मुलगी म्हणाली, "सर, ही मूर्ती खरी केवढी आहे?"

मला उत्तर देता आले नाही. त्या छायाचित्रासमोर मी वीस वर्षे तरी बसत आलो आहे. वंदना झाल्यावर तिघाचौघांना विचारले. एक म्हणाले, दहा-बारा फूट सहज असेल. दुसरे म्हणाले, छे हो, टेबलावर मावेल एवढी. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांनी मूर्तीची उंची मोजायची नसते असे सांगून विषयच मिटवला. घरी येऊन पुस्तक काढले तेव्हा कळले की आसन आणि प्रभावळ धरून ती सव्वापाच फुटांच्या आसपास आहे. चुनारच्या वालुकाश्मात, इसवी सनाच्या पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात ती घडवली गेली आणि १९०४-०५ साली एफ. ओ. एर्टल यांनी केलेल्या उत्खननात सापडली.

पुढच्या रविवारी मी मुलीला उत्तर दिले. ती खूश झाली, पण माझ्या डोक्यातून प्रश्न जाईना. आपण जिच्यापुढे हात जोडतो ती मूर्ती आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलीच नाही. पाहिले आहे ते तिचे छायाचित्र. मूर्तीचा आकार, तिचा रंग, ती कुठे बसवलेली होती, हे सगळे त्या कागदावरून कुठे नाहीसे होते? आणि जे उरते ते तसेच उरावे हे कोणी ठरवले? मी कलेचा अभ्यासक नाही. बी. ए. ला इतिहास होता, त्यानंतर बँकेचे काउंटर. पण वाचनालयातून पुस्तके आणून, सुटीच्या दिवशी टिपणे काढून जे काही समजले ते सभासद आणि विद्यार्थी मित्रांसमोर ठेवतो.

छायाचित्रणाची रीतसर जन्मतारीख १९ ऑगस्ट १८३९ अशी धरतात. त्या दिवशी पॅरिसमध्ये दागेर यांची पद्धत जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रकाशाने चित्र उमटवायची ही पद्धत होती. तिची मोठी अडचण म्हणजे वेळ. चित्र उमटायला भर उन्हातसुद्धा काही मिनिटे लागत आणि तेवढा वेळ समोरची वस्तू हलता कामा नये. दागेर यांनी १८३८ च्या सुमारास पॅरिसच्या एका गजबजलेल्या रस्त्याचे चित्र घेतले, त्यात रस्ता रिकामा दिसतो! गाड्या, घोडे, माणसे सगळी हलत होती, म्हणून पुसली गेली. एक माणूस तेवढा राहिला, कारण तो बुटाला पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा होता.

अशा यंत्रासमोर तासन्‌तास तक्रार न करता उभा राहील असा एकच उमेदवार होता, तो म्हणजे पुतळा. आणि पुतळ्यांची त्या शहरात कमतरता नव्हती. युरोपातल्या चित्रकलेच्या शाळांतून ग्रीक आणि रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती ओळीने मांडलेल्या असत, विद्यार्थी त्यांच्यावरून चित्रे काढीत. दागेर यांच्या अगदी सुरुवातीच्या, १८३७ सालच्या चित्रात अशाच प्लास्टरच्या वस्तू आहेत.

त्याच वेळी पॅरिसमध्ये इपोलित बायार नावाचे एक गृहस्थ होते. ते अर्थखात्यात कारकून होते, म्हणून मला त्यांच्याविषयी जरा अधिक आपुलकी. त्यांनी कागदावर थेट चित्र उमटवण्याची स्वतःची पद्धत शोधली आणि दागेर यांची पद्धत जाहीर होण्यापूर्वीच, १८३९ च्या जूनमध्ये, आपली तीस चित्रे लोकांसमोर मांडली. त्यांच्याही चित्रांत प्लास्टरच्या मूर्तींची गर्दी आहे. परंतु सरकारचा मान आणि निवृत्तिवेतन गेले दागेर यांच्याकडे. बायार यांनी १८४० साली स्वतःचे एक छायाचित्र काढले, त्यात ते बुडून मेलेल्या माणसासारखे डोळे मिटून पडले आहेत. कारकुनाचा निषेध हा असा असतो.

इंग्लंडमध्ये टॅलबट यांनी कागदी निगेटिव्हची पद्धत काढली. तिचा फायदा असा की एका निगेटिव्हवरून हव्या तितक्या प्रती निघत. दागेर यांच्या पत्र्याची प्रत निघत नसे. १८४४ ते १८४६ या काळात टॅलबट यांचे चोवीस छायाचित्रे चिकटवलेले पुस्तक भागाभागाने निघाले. त्या चोवीसपैकी दोन छायाचित्रे एकाच मुखवट्याची आहेत. ब्रिटिश म्युझियममधल्या एका संगमरवरी शिराची ती प्लास्टरची प्रतिकृती, पात्रोक्लस या ग्रीक वीराच्या नावाने ओळखली जाणारी. एकाच वस्तूची दोन छायाचित्रे का, याचे कारण त्यांनी स्वतःच समजावून दिले आहे. पुतळा थोडा फिरवला, प्रकाशाची बाजू बदलली, यंत्र जवळ-दूर केले, की दर वेळी निराळे चित्र मिळते आणि या बदलांना अंत नाही. भर उन्हात सावल्या फार काळ्या पडतात, म्हणून ढगाळ दिवस बरा, किंवा एका बाजूला पांढरे कापड धरून सावलीत थोडा उजेड पाडावा, असेही ते सांगतात.

हे वाचून मी थांबलो. छायाचित्र म्हणजे समोर असेल ते जसेच्या तसे, अशी आपली समजूत असते. बँकेत आम्ही सहीची पडताळणी करतो, ओळखपत्रावरचा फोटो पाहतो, ते याच विश्वासावर. पण मूर्तीच्या बाबतीत, पुतळा कुठून पाहायचा आणि त्याच्यावर उजेड कुठून पाडायचा हे कोणीतरी ठरवतो, ही गोष्ट या कलेच्या पहिल्या पाच-सात वर्षांतच तिच्या जनकाला पक्की ठाऊक होती. पुढे १८९६-९७ मध्ये हाइनरिश व्योल्फलिन या कलेतिहासकाराने यावर लेखच लिहिले. बाजारातले छायाचित्रकार चमत्कृतीसाठी पुतळे वाटेल त्या कोनातून टिपतात आणि शिल्पकाराला अभिप्रेत असलेली बाजू सोडून देतात, अशी त्यांची तक्रार होती. प्रत्येक शिल्पाला त्याची अशी एक समोरची बाजू असते, हा त्यांचा आग्रह सगळ्यांना पटेल असे नाही. स्तूपाभोवती प्रदक्षिणा घालणाऱ्याला तर मुळीच पटणार नाही. पण तक्रार खरी होती.

आता रंगाची गोष्ट. ही मला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाची वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जुन्या काचांवर आणि कागदांवर चांदीचे जे क्षार लावत, ते निळ्या आणि जांभळ्या प्रकाशालाच दाद देत. तांबडा आणि पिवळा प्रकाश त्यांच्या लेखी अंधारच. म्हणजे निळी वस्तू छायाचित्रात पांढुरकी होई आणि तांबडी-पिवळी वस्तू काळी ठिक्कर. यावर पहिला उपाय १८७३ साली फोगेल यांना सापडला आणि सर्व रंगांना सारखी दाद देणारी काच बाजारात यायला विसावे शतक उजाडले. तोवर छायाचित्रकाराला सोयीची वस्तू कोणती? जिला रंगच नाही ती. पांढरे प्लास्टर, पांढरा संगमरवर. तो भरपूर प्रकाश परत फेकतो, त्यामुळे वेळही कमी लागतो आणि छायाप्रकाशाची प्रत्येक छटा नीट उतरते.

युरोपच्या मनात पांढऱ्या दगडाचे प्रेम आधीपासून होते. विंकेलमान या जर्मन विद्वानाने १७६४ साली प्राचीन कलेचा इतिहास लिहिला आणि ग्रीक पुतळ्यांना सौंदर्याचे परमोच्च माप ठरवले. गोऱ्या रंगावर प्रकाश अधिक परावर्तित होतो म्हणून सुंदर देह जितका गोरा तितका अधिक सुंदर, असे त्याने लिहून ठेवले. मौज अशी की हा माणूस ग्रीसला कधी गेलाच नाही. रोममध्ये त्याने जे पाहिले त्यात पुष्कळसे ग्रीक पुतळ्यांच्या रोमन काळातल्या नकला होत्या.

त्या ग्रीक मूर्ती मुळात पांढऱ्या नव्हत्या. केस, ओठ, डोळे, वस्त्रांचे काठ रंगवलेले असत. मातीत शेकडो वर्षे पडून आणि वर निघाल्यावर धुतले जाऊन रंग गेले. एकोणिसाव्या शतकातल्या काही विद्वानांना हे ठाऊकही होते आणि त्यावर वादही झाले. परंतु याच सुमारास छायाचित्रे आली. फ्लॉरेन्समध्ये १८५२ पासून अलिनारी, रोममध्ये अँडरसन, लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये १८५० च्या दशकात रॉजर फेंटन, यांनी पुतळ्यांची छायाचित्रे काढली आणि ती विकली गेली. प्रवाशांनी ती घरी नेली, शाळांनी भिंतींवर लावली, प्राध्यापकांनी वर्गात दाखवली. ज्यांनी अपोलोचा पुतळा जन्मात पाहिला नाही त्यांच्याही डोळ्यांत तो बसला, तो काळ्या पार्श्वभूमीवरचा, पांढराशुभ्र, गुळगुळीत असा. विद्वानाचे मत पुस्तकात राहिले असते; यंत्राने ते घराघरांत नेले. एका सोयीचे असे सौंदर्याच्या नियमात रूपांतर झाले.

याचा शेवट कुठे झाला पाहा. १९३७-३८ मध्ये ब्रिटिश म्युझियममध्ये पार्थेनॉनची शिल्पे नव्या दालनात मांडायची होती. दगड पुरेसा पांढरा दिसत नाही म्हणून कामगारांकडून धातूच्या हत्यारांनी आणि खरखरीत भुकटीने तो घासून काढला. दगडाचा वरचा थर गेला, तो परत येणार नाही. छायाचित्रात दिसते तशी मूर्ती दिसावी म्हणून मूर्तीच घासायची, असे मला तरी त्यात दिसते. पुढे रंगांचा शोधही छायाचित्रणानेच लावून दिला हे मात्र नमूद केले पाहिजे. जर्मनीतले ब्रिंकमान आणि त्यांचे सहकारी यांनी तिरपा प्रकाश आणि अतिनील किरण वापरून मूर्तींवरच्या रंगाच्या खुणा टिपल्या आणि २००३ साली म्युनिकमध्ये रंगीत प्रतिकृतींचे प्रदर्शन मांडले. ते पाहून पुष्कळ लोक नाराज झाले. त्यांना ते रंग भडक वाटले!

आपल्याकडे हे समजायला फार लांब जायला नको. वेरूळचे कैलास लेणे एकेकाळी रंगमहाल म्हणून ओळखले जाई, कारण त्याच्यावर गिलावा आणि रंग होता. अजिंठ्याच्या मूर्तीही रंगवलेल्या होत्या. मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्यात चित्रांच्या नकला करीत होते. पुढे त्यांनी कॅमेराही घेतला आणि १८६४ साली त्यांच्या छायाचित्रांची पुस्तके लंडनमध्ये निघाली. पण अजिंठ्याच्या भिंतींवर आहेत गेरू आणि पिवळी माती, म्हणजे नेमके तेच रंग जे त्या काचेवर काळे पडत. त्यामुळे छायाचित्रांत उतरले ते दगडी अजिंठा, खांब, दर्शनी कमानी, कोरीव मूर्ती. रंग हाताने काढलेल्या नकलांतच राहिले आणि त्या नकला १८६६ च्या डिसेंबरमध्ये लंडनजवळ सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली तेव्हा बहुतेक जळून गेल्या. गिल यांची कबर भुसावळला आहे.

अथेन्समधली एक हकीकत अशीच विचार करायला लावते. ऑक्टोबर १८३९ मध्ये, म्हणजे दागेर यांची पद्धत जाहीर होऊन दोन महिने होतात न होतात तोच, जोली द लोतबिनिएर हे कॅनडातले गृहस्थ अथेन्सच्या टेकडीवर यंत्र घेऊन पोहोचले. त्यांच्या पत्र्यावरून केलेल्या कोरीव चित्रात पार्थेनॉनच्या खांबांच्या आत एक लहान मशीद स्पष्ट दिसते. तुर्की अमलात ती बांधली गेली होती. ग्रीस स्वतंत्र झाले होते आणि नव्या राष्ट्राला आपला 'शुद्ध' प्राचीन काळ हवा होता. काही वर्षांतच मशीद काढून टाकली. टेकडीवरचा मध्ययुगीन बुरूजही १८७५ मध्ये पाडला. १८७० साली स्टिलमन या अमेरिकन छायाचित्रकाराने अथेन्सच्या टेकडीचे फार सुरेख पुस्तक प्रसिद्ध केले, तोवर मशिदीची खूणही उरली नव्हती. जगभर 'अभिजात ग्रीस' म्हणून जी छायाचित्रे गेली त्यांतली टेकडी अशी झाडून-पुसून घेतलेली होती. 

आता अमरावतीकडे येऊ. आंध्रातला हा महास्तूप सातवाहन काळात पूर्ण वैभवाला पोहोचला. एकोणिसावे शतक येईपर्यंत त्याची लूट झाली होती. शिलापट बांधकामाला नेले, काहींचा चुना भाजला. १८४५ मध्ये वॉल्टर इलियट या इंग्रज अधिकाऱ्याने उत्खनन करून पुष्कळ शिल्पे मद्रासला पाठवली. तिथे ती वर्षानुवर्षे उघड्यावर पडून राहिली. १८५५ च्या सुमारास कंपनी सरकारने ठरवले की पुराणवस्तूंची चित्रे काढायला चित्रकार ठेवण्यापेक्षा छायाचित्रे काढून घ्यावीत. त्यानुसार मद्रास सरकारचे छायाचित्रकार कॅप्टन लिनियस ट्राइप यांनी १८५८ साली या शिल्पांची छायाचित्रे काढली. पंचाहत्तर छायाचित्रांचा तो संग्रह आहे. ट्राइप यांचे काम फार दिवस चालले नाही. नवे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांना तो खर्च चैनीचा वाटला आणि खातेच बंद झाले. आम्हां बँकेतल्या लोकांना यात नवल वाटत नाही.

या संग्रहाचे नाव मात्र लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्याला 'इलियट मार्बल्स' म्हटले गेले. अथेन्सहून लॉर्ड एल्गिन यांनी जी शिल्पे लंडनला नेली त्यांना 'एल्गिन मार्बल्स' म्हणत, त्याच धर्तीवर. मार्बल म्हणजे संगमरवर. अमरावतीचा दगड संगमरवर नाहीच, तो पलनाड भागातला हिरवट-पांढरा चुनखडीचा दगड आहे. पण ही शिल्पे थोर आहेत हे लंडनला पटवायचे तर त्यांना ग्रीक शिल्पांचा सदरा घालणे भाग होते. कौतुकसुद्धा उसन्या शब्दांत करावे लागले.

पुढची कथा थोडक्यात. शंभरावर शिल्पे १८५९ साली जहाजाने लंडनला गेली, आधी एका गोदीत पडली, मग फाइफ हाउस या इमारतीत इंडिया म्युझियमच्या ताब्यात आली. १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी जेम्स फर्ग्युसन हे वास्तूंचे अभ्यासक भारतीय छायाचित्रे निवडत होते, तेव्हा त्यांना समजले की अमरावतीची शिल्पे तिथल्या गाडीखान्यात अडगळीत आहेत. त्यांनी म्युझियमचे विल्यम ग्रिग्ज यांच्याकडून त्यांची छायाचित्रे काढवली. तुटलेले शिलापट जुळवून पाहणे अवघड होते, पण छायाचित्रे टेबलावर पसरून जुळवता येत होती. कागदावर तुकडे सरकवत फर्ग्युसन यांनी महास्तूपाची रचना समजून घेतली आणि १८६८ च्या आपल्या ग्रंथात सांचीच्या छायाचित्रांबरोबर ती छापली. दगड अडगळीत आणि कागद अभ्यासिकेत, अशी ती स्थिती. या कामाबद्दल फर्ग्युसन यांचे ऋण मानलेच पाहिजे. अमरावतीला त्यांनी भारतीय शिल्पाचे शिखर मानले. पण त्या शिखरामागे त्यांना ग्रीक वळण दिसत होते, आणि त्यानंतरची भारतीय कला म्हणजे उतरण, असा त्यांचा सिद्धान्त होता.

हाच वाद पुढे बुद्धमूर्तीवर आला. गांधारची बुद्धमूर्ती आणि ग्रीक अपोलो यांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली की केसांच्या लाटा, चिवराच्या चुण्या यांतले साम्य चटकन डोळ्यांत भरते. फ्रेंच विद्वान अल्फ्रेड फूशे यांनी १९१३ साली पॅरिसच्या व्याख्यानात बुद्धमूर्तीचा उगमच ग्रीक असल्याचे मांडले. १९२७ मध्ये आनंद कुमारस्वामी यांनी त्याला उत्तर दिले, तेही छायाचित्रांच्याच आधारे. त्यांनी मथुरेच्या यक्षमूर्ती आणि मथुरेच्याच सुरुवातीच्या बुद्धमूर्ती पुढे केल्या. भिक्खू बल यांनी सारनाथला दान दिलेली बोधिसत्त्वाची भव्य मूर्ती याच मथुरेच्या दगडातली आणि घडणीतली आहे. रुंद छाती, ताठ उभे राहणे, अंगाला चिकटलेले वस्त्र. अपोलोशी तिचे काही नाते लावता येत नाही. आज बहुतेक अभ्यासक गांधार आणि मथुरा या दोन्ही ठिकाणी मूर्ती साधारण एकाच काळात घडू लागल्या असे मानतात. मला विशेष वाटले ते हे की दोन्ही बाजूंचे शस्त्र एकच होते. कोणते छायाचित्र कोणत्या छायाचित्राशेजारी ठेवायचे, एवढ्यावर निकाल फिरत होता.

या दोघांच्याही आधीचा, जानेवारी १९१० चा लंडनमधला एक प्रसंग आहे. ई. बी. हॅवेल यांचे भारतीय कलेवर व्याख्यान होते आणि अध्यक्ष होते सर जॉर्ज बर्डवुड. हे गृहस्थ बेळगावचा जन्म असलेले, मुंबईत डॉक्टर म्हणून राहिलेले आणि तिथल्या वस्तुसंग्रहालयाचे काम पाहिलेले. भारतीय हस्तकलांचे मोठे चाहते. समोर जावा बेटावरच्या एका ध्यानस्थ बुद्धमूर्तीचे छायाचित्र होते. त्याच्याकडे निर्देश करून बर्डवुड म्हणाले की ही तर निर्जीव, ठराविक बैठकीतली प्रतिमा आहे. चरबी घालून उकडलेले पुडिंगसुद्धा निर्विकार शांतीचे प्रतीक म्हणून तितकेच शोभेल. यावर गदारोळ झाला. तेरा कलावंत आणि समीक्षकांनी वृत्तपत्रात निषेधाचे पत्र लिहिले आणि त्याच वर्षी लंडनमध्ये भारतीय कलेच्या पुरस्कारासाठी इंडिया सोसायटी स्थापन झाली.

बर्डवुड यांच्यावर आपण रागावू शकतो, पण मला त्यांचे डोळे समजून घ्यावेसे वाटतात. सत्तर वर्षे त्या समाजाने पुतळ्यांची छायाचित्रे पाहिली होती, त्यांत स्नायू ताणलेले, पाऊल पुढे टाकलेले, उजेड-सावलीने जिवंत झालेले वीर होते. त्या सवयीच्या नजरेसमोर डोळे मिटून स्वस्थ बसलेली आकृती आली. तीही मूळ जागेवरून उचललेली. कोनाड्यात किंवा जाळीदार स्तूपाच्या आत, उघड्या आभाळाखाली, डोंगररांगांकडे तोंड करून बसलेले बोरोबुदुरचे बुद्ध ज्यांनी पाहिले ते पुडिंगची उपमा देतील असे वाटत नाही. बर्डवुड यांनी मूर्तीवर मत दिले असे आपण म्हणतो. त्यांनी मत दिले ते हातभर कागदावर.

जावातल्या मूर्तींची छायाचित्रे मात्र फार लवकर सुरू झाली होती. १८४५ मध्येच डच सरकारने आडोल्फ शेफर या जर्मन छायाचित्रकाराला बटेव्हियातल्या संग्रहातली शिल्पे आणि नंतर बोरोबुदुर टिपायला सांगितले. आशियातल्या प्राचीन शिल्पांची इतकी जुनी छायाचित्रे क्वचितच असतील. त्यांचे पत्रे आज नेदरलँड्समधल्या लायडनला जपलेले आहेत. शेफर यांच्या खर्चाचा अंदाज पाहून सरकारने हात आखडता घेतला आणि पुढचे काम चित्रकाराला दिले. १८७३ मध्ये फान किन्सबर्गेन यांनी पुन्हा कॅमेऱ्याने काम केले.

पण मला लिहायचे आहे ते कॅसियन सेफस यांच्याविषयी. हे जावाचेच रहिवासी, १८४५ चा जन्म, योगकर्ताच्या सुलतानाच्या दरबारचे छायाचित्रकार. आपल्या भूमीतल्या मूर्तींसमोर कॅमेरा लावणारे ते त्या प्रदेशातले पहिले नामांकित स्थानिक गृहस्थ. १८८५ साली आइझरमान या डच अभियंत्याच्या ध्यानात आले की बोरोबुदुरच्या रुंद पायथ्याच्या आत आणखी एक पायथा झाकलेला आहे आणि त्याच्यावर शिल्पे कोरलेली आहेत. स्तूप बांधला गेला त्याच काळात बाहेरून दगडांचा मोठा चौथरा रचून तो झाकला गेला होता, बहुधा वजनाने पाया सरकू नये म्हणून. १८९०-९१ मध्ये तो चौथरा थोडा थोडा उकलण्यात आला. एका भागाचे दगड काढायचे, उघडी पडलेली शिल्पे सेफस यांनी टिपायची, मग दगड पुन्हा जागच्या जागी बसवायचे आणि पुढचा भाग उघडायचा, असे काम चालले. एकूण १६० शिलापट निघाले. सगळे टिपून झाल्यावर सगळे पुन्हा बंद झाले. आग्नेय कोपऱ्यातले थोडे शिलापट दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पुन्हा उघडले गेले, ते आज पाहता येतात. बाकीचे शिलापट सेफस यांच्या छायाचित्रांतच आहेत. हजारांहून अधिक वर्षांत ते माणसांच्या नजरेसमोर आले ते त्या काही महिन्यांपुरते.

या शिलापटांवर कर्मविभंग कोरलेला आहे, म्हणजे कोणत्या कृतीचे कोणते फळ. त्यात राजे-महाराजे थोडे, साधी माणसे फार. मासे पकडून शिजवणारे, भांडणारे, आजाऱ्याची सेवा करणारे, दान देणारे. सारनाथच्या मूर्तीसारखे डौलदार त्यात काही नाही, अपोलोसारखे तर नाहीच नाही. पण एकेका चेहऱ्यावर वेळ काढून पाहावे असे ते काम आहे. सेफस यांनी उजेड असा घेतला आहे की दगडाच्या छिद्रांसकट सगळे दिसते. कोणाला देखणे करायचा प्रयत्न केलेला नाही.

आणि या छायाचित्रांत एक गोष्ट दिसते. काही शिलापटांच्या वरच्या कडेवर जुन्या जावानी लिपीत एकेक छोटा शब्द खरडलेला आहे. शब्द संस्कृत आहेत. इथे काय कोरायचे याची ती कारागिराला दिलेली सूचना असावी असे अभ्यासक मानतात. काम संपल्यावर त्या पुसायच्या असतील, पण त्याआधीच चौथरा चढला. एका ठिकाणी 'स्वर्ग' असे लिहिले आहे. दुसऱ्या एका शिलापटावर वेडीवाकडी तोंडे असलेली माणसे बसली आहेत आणि त्यांच्या डोक्यावर लिहिले आहे, 'विरूप'. आमच्या बालवर्गातल्या मुलीला ते छायाचित्र मी पुस्तकात दाखवले. तिने शब्दाचा अर्थ बरोबर सांगितला, आणि मग विचारले, "पण सर, हा दगड केवढा आहे?"